विमलताईंच्या वहीतली बारी अजून चालू आहे

पहिल्याच भेटीत विमलताई आवटी यांनी मला जमिनीवर बसवलं आणि पुढची दहा-अकरा वर्षं उठू दिलं नाही. ही तक्रार नव्हे. पण जिना दिसला की माझे दोन्ही गुडघे कुरकुरतात, त्याची नोंद ताईंच्या पंच्याहत्तरीच्या या ग्रंथात कुठंतरी व्हायला हवी.

मी मलकापूरचा. लग्नाच्या व्हिडिओ शूटिंगचं माझं दुकान होतं. कऱ्हाडपासून इस्लामपूरपर्यंतच्या निम्म्या नवरा-नवरींच्या डोळ्यांत मी हॅलोजनचा उजेड मारलेला आहे. सांगलीतल्या एका केबलच्या मालकांनी स्वतःची छोटी वाहिनी काढली आणि संध्याकाळी मुलांसाठी रोज एक तास ठेवायचं ठरवलं, तेव्हा कॅमेऱ्यासाठी त्यांनी मला बोलावून घेतलं. गणपती पेठेत हळदीच्या गोदामावर एक लांबट खोली होती, तोच स्टुडिओ. मी ऐटीत स्टँड उभा केला आणि कॅमेरा माझ्या डोळ्यांच्या उंचीला लावला. कोपऱ्यात एक बाई खुर्च्या पुसत होत्या. त्या फडकं हातात घेऊनच पुढं आल्या.

"आवं, पोरांची टाळकी दाखवणार हाय का तुमी? खाली बसा की."

"आपण कोण?" मी विचारलं.

"मी ह्या कार्यक्रमाची बाई. बसा."

मी बसलो. जिल्हा परिषदेच्या शाळेत वीस वर्षं पहिली ते चौथी शिकवून, नोकरी सोडून आलेल्या बाईंपुढं दुसरं काही करता येत नाही.

आता पुढं जाण्याआधी एक गोष्ट सांगून टाकतो. गौरव समितीनं लेखकांना एक पत्रक पाठवलं आहे. त्यात लिहिलंय की, 'काळाच्या ओघात हा कार्यक्रम थांबला' एवढाच उल्लेख करावा, कटू विषय टाळावेत. समारंभाला व्यासपीठावर तो बंद पाडणाऱ्यांतलं कोण कोण बसणार आहे हे मला ठाऊक आहे, म्हणून पत्रकामागचं कारणही ठाऊक आहे. समितीतली माणसं चांगली आहेत. पण मी हे लिहिणार नाही. काळाला ओघ वगैरे असेल, त्या खोलीला कुलूप मात्र माणसांनी लावलं. आणि खरं सांगायचं तर जे थांबलं म्हणतात ते अजून थांबलेलंच नाही. लेख छापायचा तर असा छापा, नाहीतर परत पाठवा, मी त्याच्या झेरॉक्स काढून वाटीन.

कार्यक्रमाचं नाव होतं 'दप्तर ठेवा'. साडेपाचला सुरू व्हायचा, सोमवार ते शुक्रवार, सगळा थेट. त्यात कागदाच्या वस्तू करणं असे, कोडी असत, एक आजोबा येऊन आकाशातल्या ताऱ्यांबद्दल सांगत. पण पोरं खिळून बसत ती शेवटच्या 'माझी बारी'साठी. एक मूल, सात मिनिटं, आणि त्याला जे येतं ते. निवड नाही, चाचणी नाही. पोस्टकार्डावर नाव, गाव, इयत्ता आणि 'मी काय करणार' एवढं लिहून पाठवायचं. कार्ड ज्या क्रमानं आलं त्या क्रमानं नाव वहीत चढायचं. ताई रोज शेवटी कॅमेऱ्याकडं, म्हणजे जमिनीवर बसलेल्या माझ्याकडं बघून सांगायच्या, "तुजं कार्ड आलं की तुजी बारी लागली. आज न्हाई तर उद्या, पण येणार म्हंजे येणार. कुणी बारी मोडायची न्हाई."

आमच्या ऊसपट्ट्यात बारी म्हणजे काय हे पोरासोरांनाही समजावून द्यावं लागत नाही. पाटाचं पाणी आज याच्या शेताला, उद्या त्याच्या. मधेच कुणी दार फोडून पाणी आपल्याकडं वळवलं की सख्ख्या भावांत कुऱ्हाडी निघतात. ताईंचे वडील पाटकरी होते, कोणाला कधी पाणी सोडायचं ते बघणारे. एका कडक उन्हाळ्यात त्यांच्या थोरल्या भावाचा ऊस वाळायला लागला आणि भाऊ दारात येऊन उभा राहिला. वडील म्हणाले, "दादा, मंगळवारी तुजी बारी. आज रविवार हाय." त्या घरात पुढं दोन वर्षं बोलणं बंद होतं. ताई ही गोष्ट हसत सांगत, पण त्यातून काय घ्यायचं ते आम्ही प्रत्येकानं निमूटपणे घेतलं होतं.

हां हां म्हणता कार्यक्रम असा फोफावला की मालकांनाच घाम फुटला. सांगली-मिरजेपुरता सुरू झालेला, तो कऱ्हाड, कोरेगाव, वाई असा चढत गेला. पोस्टमन कार्डांचा गठ्ठा सुतळीनं बांधून आणायचा. पाचला गल्ल्या रिकाम्या होत, क्रिकेटचे स्टंप भिंतीला टेकून वाट बघत. एका आईनं फोन करून दम भरला होता, "बाई, येळ बदला तुमची, आमची दुधाची येळ हाय, म्हस पिळायला कुणी हालंना!"

रहिमतपूरच्या एका पोराची बारी मला जन्मात विसरता येणार नाही. तिसरीतला, किडकिडीत. कार्डावर लिहिलं होतं, 'मी शिवरायांवर भाषण करणार.' कॅमेऱ्याचा दिवा लागला आणि पोराची वाचाच बसली. एक मिनिट गेलं, दोन गेली. थेट कार्यक्रम. मालक काचेपलीकडून गळा कापल्याची खूण करत होते. ताईंनी त्यांच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. त्या पोराच्या शेजारी सतरंजीवर येऊन बसल्या, त्याचा हात हातात घेतला आणि गप्प बसल्या. सात मिनिटं दोन्ही जिल्ह्यांत टीव्हीवर एक मुलगा आणि एक बाई नुसती बसलेली दिसत होती. शेवटी पोरानं विचारलं, "सपलं?" ताई म्हणाल्या, "सपलं. झाक झालं. नाव काय तुजं, सांग बगू सगळ्यांस्नी." त्यानं खणखणीत आवाजात नाव सांगितलं. मालक संतापून बाहेर आले, "बाई, सात मिनिटं फुकट गेली!" त्यावर ताई म्हणाल्या, "फुकट कशी? त्याची हुती ती. त्यानं वापरली." दुसऱ्या दिवशी त्याच्या आईचा फोन आला. ती एवढंच म्हणाली की बाई, आमचं पोरगं सात मिनिटं गप बसल्यालं आमी कालच बगितलं.

ताईंच्या माणुसकीबद्दल इतर मंडळी लिहितीलच. मी एकच सांगतो. ताई जैन घरातल्या, सूर्य बुडाल्यावर अन्न घेत नाहीत. थंडीच्या दिवसांत कार्यक्रम चालू असतानाच दिवस मावळायचा. चारपासून पोरं यायला लागत, कुणी एसटीनं दोन तास उभं राहून आलेलं असे. त्यांना पोहे-लाडू खाऊ घालण्यात ताईंचा वेळ जाई. म्हणजे थंडीभर त्या रात्रीचं जेवत नव्हत्या. आम्हांला हे चार वर्षांनी कळलं, तेही माझ्या आईमुळं. आई मिरजेला दवाखान्यात होती, ताई रोज डबा घेऊन येत. आईनं एकदा सहाच्या पुढं आग्रह केला, "तुमीबी खावा की दोन घास," तेव्हा खरं बाहेर आलं. मी चिडलो. म्हटलं, "ताई, आधी सांगायचं नाही का? वेळ बदलली असती." त्या म्हणाल्या, "माज्या पोटासाठी पोरांची येळ बदलायची व्हय?"

आता माझं पाप. दुसऱ्यांचं झाकणार नाही, तर माझं कसं झाकू?

माझी मुलगी अस्मिता तेव्हा तिसरीत होती. बाप रोज कार्यक्रमात, आणि आपली बारी नाही, म्हणून ती मागं लागली होती. नव्या कार्डाला दोन-अडीच वर्षं लागत. वहीत मधेच एक ओळ कोरी राहिली होती, बहुतेक पान उलटताना सुटलेली. मी एका दुपारी ताई खाली गेल्या असताना त्या ओळीत अस्मिताचं नाव लिहिलं आणि तिचं कार्ड गठ्ठ्यात मधे सरकवलं. कुणाचं काय नुकसान होतंय, सुटलेली ओळ तर आहे, असं मी स्वतःला समजावलं. दोन दिवसांनी ताईंनी मला हाक मारली. हातात ते कार्ड.

"संपतराव, ह्यावर पोस्टाचा शिक्का न्हाई."

मी कॅमेऱ्याची वायर गुंडाळायला लागलो.

"पोरीनं घातलं न्हवं हे. तिच्या बानं घातलं."

"ताई, एक ओळ रिकामी होती."

"रिकामी न्हाई संपतराव. तिच्या खाली जेवढी नावं हायत, त्या सगळ्यांची हाय ती."

त्यांनी अस्मिताचं नाव खोडलं आणि माझ्यासमोर वहीच्या शेवटी, त्या दिवसाच्या तारखेला नव्यानं लिहिलं. आवाज चढवला नाही, कुणाला सांगितलंही नाही. मी तीन दिवस कामावर गेलो नाही. माझ्या बायकोनं तर ताईंचं नाव घरात काढायचं नाही असं ठरवून टाकलं. मला राग आला होता तो असा की दहा वर्षं गुडघे झिजवलेल्या माणसाला एक ओळ मिळू नये? चौथ्या दिवशी गेलो. ताईंनी चहा पुढं केला आणि म्हणाल्या, "कॅमेऱ्याची काच पुसा, बोटं उमटल्यात." तो विषय तिथं संपला, निदान ताईंच्या बाजूनं.

आणि मग अस्मिताची बारी यायच्या आधीच कार्यक्रम गेला.

मालकांनी वाहिनी एका मोठ्या कंपनीला विकली. कंपनीनं पुण्याहून एक कार्यक्रमप्रमुख पाठवले. चांगले शिकलेले, गोड बोलणारे. पहिल्याच बैठकीत ते म्हणाले, "मॅडम, कन्सेप्ट सुंदर आहे. फक्त यातली चमकदार मुलं निवडून घेऊ. तीन परीक्षक, दर आठवड्याला एक मूल बाद. पालक फोन करतील, मजा येईल."

ताई म्हणाल्या, "बाद करून मजा कुणाला येणार?"

"प्रेक्षकांना."

"आन ज्याला बाद केलं त्याला घरी कोण घेऊन जाणार, परीक्षक का मी?"

त्या गृहस्थांनी विषय बदलला. जिल्ह्यातल्या एका बड्या घरच्या नातवाला पुढच्याच आठवड्यात घ्यायचं, असं त्यांनी सांगितलं. तिथून जाहिराती यायच्या होत्या. ताईंनी वही उघडली, चष्मा लावला, शांतपणे पानं उलटली. "कार्ड आल्यालं दिसत न्हाई. घालाय सांगा. घातलं की दोन वर्सांनी बोलवतो." मी जमिनीवर बसलो होतो, तिथंच हसू दाबत कॅमेऱ्याशी खेळत राहिलो.

त्यानंतर जे झालं ते काळाच्या ओघानं झालं नाही, पद्धतशीर झालं. आधी वेळ दुपारी दोनची केली, पोरं शाळेत असताना. मग बघणारे घटले म्हणून तासाचा अर्धा तास केला. मग तीन दिवस परदेशी कार्टून, हिंदीत आवाज चढवलेली, आणि दोन दिवस आम्ही. एका सोमवारी ताई, दिवस कमी झाले म्हणून, दोन पोरांना घेऊन आल्या, एक कवठ्याचं, एक आमच्या मलकापूरचं, तर खोलीला नवं कुलूप. फोन केला. पलीकडून सांगितलं, "मॅडम, तुम्हांला कळवायचं राहून गेलं." एका तासासाठी दोन जिल्हे थांबवून ठेवणाऱ्या बाईंना कळवायचं राहून गेलं!

मी कुलपावर दोन लाथा घातल्या, हे कबूल करतो. ताईंनी मला बाजूला केलं. "कुलपाची बारी न्हाई आज. ह्या दोघांची हाय." त्यांनी दोघांना हळदीच्या गोदामाच्या पायरीवर उभं केलं. हमालांना हाक मारली, "आवं, पोती ऱ्हाऊ द्या वाईच, बसा हितं." आठ-दहा हमाल पिवळ्या अंगानं रांगेत बसले. माझ्या पिशवीत लग्नाचा कॅमेरा होता. मी सवयीनं जमिनीवर बसलो. कवठ्याच्या पोरीनं पाढे उलटे म्हणून दाखवले, मलकापूरच्या पोरानं तोंडानं ट्रॅक्टर चालू केला, चढावर घातला आणि बंद पाडला. हमालांनी टाळ्या वाजवल्या. ताईंनी वहीत दोन नावांपुढं खुणा केल्या आणि पुढचं नाव वाचलं.

वाचकहो, त्या दिवसापासून आजपर्यंत ती वही बंद झालेली नाही. महिन्यातले दोन रविवार, ताई आणि मी. वहीत पुढचं नाव असेल त्या माणसाला शोधायचं, त्याच्या गावी जायचं, आणि त्याची सात मिनिटं घ्यायची. पोरं आता पोरं राहिली नाहीत. कुणाची लग्नं झाली, कुणी दुबईला, कुणाच्या डोक्यावर केस नाहीत. पण ताईंचा नियम कडक आहे: कार्डावर जे लिहिलंय तेच करायचं. ताईंनी 'येणार' म्हणून सांगितलं होतं, ते पोरानं मोठं व्हायच्या आत यायला हवं अशी अट त्यात कुठंच नव्हती, असं त्यांचं म्हणणं.

महाबळेश्वरला टॅक्सीच्या रांगेत आम्ही एका तिशी ओलांडलेल्या चालकाला गाठलं. कार्डावर होतं, 'मी शिट्टीवर गाणं वाजवणार.' तो लाजला, म्हणाला, "बाई, आता दात पडल्यात पुढचं." ताई म्हणाल्या, "मग बिनदाताची शिट्टी वाजव." पर्यटक गाडीत बसून भाडं विचारत होते आणि हा पठ्ठ्या सात मिनिटं शिट्टी वाजवत होता. गेल्या वर्षी सातारा तालुक्यातल्या एका गावात सुट्टीवर आलेल्या हवालदाराकडं गेलो. पिळदार मिशा, अंगणात खुर्चीवर ताठ. ताईंनी कार्ड वाचलं, 'मी कोंबड्यासारखा आरवणार.' त्याची बायको तोंडाला पदर लावून आत पळाली. हवालदार उठला, सावधानमध्ये उभा राहिला आणि असा आरवला की शेजारचे खरेखुरे दोन कोंबडे उत्तर द्यायला लागले. त्याचा मुलगा हसून हसून मातीत लोळला. खाली बसल्यावर तो म्हणाला, "लय वर्सं अडकलं हुतं बाई गळ्यात. बरं वाटलं."

हे सगळं कुठल्या वाहिनीवर दिसत नाही. आम्ही ते त्याच गावातल्या शाळेत, पडदा म्हणून चादर लावून दाखवतो. कधी चाळीस माणसं येतात, कधी चार. ताईंना त्याचं काही वाटत नाही. जिनं खोलीला कुलूप लावलं त्या कंपनीची ती वाहिनी पुढं दोन वर्षांत स्वतःच बंद झाली. तेव्हा कोणी हरलं असेल तर ते आम्ही नाही.

अस्मिता आज सत्तावीस वर्षांची आहे, पुण्यात प्रयोगशाळेत काम करते. समितीनं हा समारंभ ठरवला तेव्हा काही मंडळींनी मला सुचवलं की त्या दिवशी व्यासपीठावर अस्मिताची बारी घेऊन टाका, छान होईल, सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी येईल. मलाही मोह झाला, खोटं कशाला बोलू. मी तिला फोन केला. ती म्हणाली, "बाबा, पुन्हा? माझ्या आधीच्या लोकांनी काय करायचं?" ताईंना हे मी सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाल्या, "पोर तुमच्यावर गेली न्हाई, बरं झालं." त्या दिवशी माझ्या बायकोनं अठरा-एकोणीस वर्षांनी ताईंना घरी जेवायला बोलावलं, आणि स्वयंपाक दिवस मावळायच्या आत उरकला.

तर आता शुभेच्छा. दीर्घायुष्य चिंतायचं ते सगळेच चिंततात. मी ते हक्कानं मागतो, कारण माझं काम अडलेलं आहे. महिन्याला दोन नावं धरली तर अस्मिताची बारी यायला अजून सहा वर्षं आहेत, आणि तिच्या खाली आणखी पाच वर्षांची नावं आहेत. तिच्या कार्डावर काय लिहिलंय ते मला ठाऊक आहे: 'मी माझ्या बाबांची नक्कल करणार.' ती नक्कल करताना ताई समोर हव्यात, आणि तिच्या नंतरच्या शेवटच्या नावालाही हव्यात.

ताई, तुमची प्रकृती अलीकडं बरी नसते, मिरजेच्या डॉक्टरांनी प्रवास कमी करा म्हणून सांगितलंय, हे मला माहीत आहे. गाडी मी हळू चालवीन, गुडघे माझेही गेलेत. पण एक ध्यानात ठेवा. वहीत नावं शिल्लक असताना मधेच उठून पुढं निघून जायचं नाही. आयुष्यभर तुम्ही कुणाला बारी मोडू दिली नाही, आम्हीही तुम्हांला मोडू देणार नाही.